हात कुठनं येणार

“सर, ह्या डब्याची सगळी भोकं पुढच्याच अंगाला का? मागं का न्हाईत?”

विचारून झालं आणि मग शिवांजलीला कळलं, की अख्ख्या कॉम्प्युटर रूममध्ये आपण एकटीच उभी आहे. दहावी ‘ब’च्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या होत्या. पहिल्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. ते हसू रांगेरांगेनं मागं सरकत शेवटच्या बाकापर्यंत पोचलं, आणि तिथं नंदिनी आणि भैरवी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून गदगदत होत्या.

हे काम त्या दोघींचंच. जुलैत वक्तृत्व स्पर्धेत शिवांजलीचा पहिला नंबर आला आणि त्या दिवसापासून तिचा हात वर्गात खाली यायला तयार नव्हता. जी मुलगी हजेरीलासुद्धा घशातल्या घशात ‘हजर’ म्हणायची, ती आता भूगोलाच्या सरांना ढगांचं आणि पीटीच्या सरांना शिट्टीचं कारण विचारायला लागली. नंदिनीला ते सहन होईना. तुला ज्याचं उत्तर येतंय तेच तू विचारतेस, असं तिनं डबा खाताना तोंडावर सांगून टाकलं. खरी असलीस तर येत नाही ते विचार, तेही परक्या माणसाला, सगळ्यांसमोर. भैरवीनं लगेच पैज लावली. विचारलंस तर खासबागेतली भेळ माझ्याकडून, नाही विचारलंस तर वर्षभर तुझा हात खाली.

परका माणूस आयताच मिळाला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला जुने-नवे मिळून बरेच कॉम्प्युटर दिले होते आणि ते एकमेकांना जोडायला राजारामपुरीतल्या एका दुकानाचा इंजिनिअर आला होता, शार्दूल नावाचा. त्यानं टेबलावर एक चपटा, लांबट, राखाडी डबा ठेवला आणि ह्याला स्विच म्हणतात असं सांगितलं. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला काही पाठवलं की ते आधी ह्या डब्यात येतं, आणि डबा ते ज्याचं त्याला पोचवतो. मग तो एकेक वायर डब्याच्या तोंडात खुपसायला लागला. टक्, टक्, टक्. प्रत्येक टक् बरोबर एक हिरवा दिवा लागत होता.

शार्दूल हसला नाही. तो डब्याच्या मागच्या बाजूला गेला आणि त्यानं वाकून बघितलं. मागं फक्त लाईटची पिन होती.

“कंपनीनं तसं केलंय,” तो म्हणाला. “मी लावतो फक्त. असं का, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

अंबादास सरांनी तिला बसायची खूण केली. सर शिकवायचे गणित, पण कॉम्प्युटर रूमची किल्ली त्यांच्याकडं होती आणि तास त्यांना वेळेत संपवायचा होता. शिवांजली बसली. भेळ जिंकली होती, तरी तिचं लक्ष त्या डब्यावरून हलेना. कंपनीनं तसं केलंय, हे काय उत्तर झालं? शिवाय प्रश्न पैजेचा असला तरी खोटा नव्हता. पत्र्याच्या डब्यांच्या घरात वाढलेल्या पोरीला तो डबा खरोखरच उलटा वाटला होता.

तिचे अप्पा, रुद्राप्पा, शिरोली एमआयडीसीत पॅनल करायचे. फौंड्र्यांमधल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांमधल्या, भट्ट्या, क्रेन आणि पंप ज्या लोखंडी कपाटांतून चालू-बंद होतात, ती कपाटं म्हणजे पॅनल. पार बिद्रीपर्यंत साखर कारखान्यांत अप्पांनी केलेली कपाटं उभी होती. पॅनलचा कायदा शिवांजलीनं अक्षरओळख व्हायच्या आधी ऐकला होता. पुढचं तोंड स्वच्छ पाहिजे. पुढं मीटर, दिवे, बटणं, बस्स. वायरींचं जंजाळ मागं, कुणाच्या नजरेला पडता कामा नये. आणि कपाट असं बंद पाहिजे, की फौंड्रीची काळी वाळू आत शिरायला वाट शोधत फिरली पाहिजे. दाराला कडेनं रबर, वायर आत येते त्या भोकाला रबर, आणि दार आतल्या सामानाला टेकेल इतकं जवळ.

पण वर्षभरात फौंड्र्यांचं काम मंदावलं होतं. अप्पांच्या शॉपातलं, म्हणजे वर्कशॉपातलं, पत्रा वाकवायचं मशीन दुपारचं गप्प असायचं. अशात शार्दूलच्या दुकानाकडून विचारणा झाली. स्विच ठेवायला भिंतीवरचं कपाट करून द्याल का? आधी एक शाळेला करा, मालक स्वतः येऊन बघतील, पसंत पडलं तर एका पतसंस्थेच्या झाडून सगळ्या शाखांना लागणार आहेत. अप्पांनी हे घरी सांगितलं ते जेवताना, सहज आठवल्यासारखं. पण त्या जेवणात त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली आणि अव्वानं ते बघितलं.

अव्वा, म्हणजे आई, निपाणीकडची. घरात निम्मं कानडी बोलायची. तिचं म्हणणं एकच होतं, शॉप शिरोलीत राहू दे, उचगावच्या घरात नको, आणि लेकीनं तर तिथं पाऊल टाकायचं नाही. ह्याचं कारण अप्पांच्या डाव्या हाताला होतं. शिवांजली पाळण्यात असताना पत्रा कापायच्या मशीननं त्यांची करंगळी नेली होती. तेव्हाच अव्वानं ठरवून टाकलं, पोरगी डॉक्टर होणार. अकरावी सायन्स, मग पुढचं पुढं. शिवांजलीला ह्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा ती हजेरीलाच तोंड उघडत नव्हती, मग हे कुठलं.

प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी तिनं अप्पांना शाळेतला किस्सा सांगितला. अप्पा नळावर हात धूत होते. भोकं पुढं आणि वायरीही पुढनंच, हे ऐकून ते हात धुवायचे थांबले.

“मग पुढचं तोंड कसलं ऱ्हायलं त्ये,” ते म्हणाले आणि नळ बंद केला. हातावरचा साबण तसाच राहिला होता.

कपाट रविवारी बसलं. शाळेला सुट्टी, शार्दूल दुसऱ्या कामासाठी सांगलीला गेलेला. अप्पा आणि शॉपातले जुने कामगार आकाराममामा, दोघांनीच जाऊन ते भिंतीला लावलं. सोमवारी बघावं तर कपाट नुसतं झळकत होतं. गोलवलेले कोपरे, गुळगुळीत रंग, दाराला मधोमध काच. मुख्याध्यापकांनी नारळ फोडून काचेच्या वरच्या अंगाला कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. वायर म्हणून एक दिसत नव्हती. भैरवी म्हणाली, “तुझ्या अप्पांनी फ्रीज केलाय की गं,” आणि शिवांजलीनं मान अशी उडवली, की वेणी मागच्या पोराच्या वहीवर पडली.

मग तिनं काचेतून आत बघितलं. आत दिसत होती लाईटची पिन आणि तिच्याशेजारी कंपनीचं स्टिकर. हिरवे दिवे कुठंच नव्हते.

अप्पांनी डबा फिरवून बसवला होता. भोकं भिंतीकडं, पाठ वर्गाकडं.

तिला आनंद झाला. आपला प्रश्न अप्पांना पटला, कंपनीची चूक शिरोलीच्या माणसानं दुरुस्त केली, असंच तिला वाटलं. ती नंदिनीला काच दाखवून आली, भैरवीला दाखवून आली, आणि आठवीच्या दोन पोरींनाही दाखवली, ज्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

बुधवारी तिसऱ्या तासाला खिडकीकडच्या रांगेतले कॉम्प्युटर बाकीच्यांना ओळखेनासे झाले. अंबादास सरांनी ते बंद केले, चालू केले, काही फरक नाही. कुठली वायर ढिली झालीय ते दिव्यावरून कळतं, असं शार्दूल सांगून गेला होता. पण दिवे भिंतीकडं तोंड करून बसले होते. सरांनी कपाटाचं दार उघडून हात आत घातला. हात डब्याच्या कडेनं मनगटापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. तो बाहेर काढताना सरांनी गणिताच्या तासाला कधी न उच्चारलेला एक शब्द उच्चारला आणि मग वर्गाकडं बघून खोकले.

शेवटी पाना आणवला, बोल्ट काढले, आणि चार पोरांनी मिळून ते जड कपाट भिंतीवरून उतरवून बाकावर पालथं घातलं. उतरवताना ओढ बसून आणखी वायरी निसटल्या. आता सगळेच कॉम्प्युटर मुके झाले. मागचा पत्रा काढला तेव्हा आतून गरम वाफारा आला, भाकरी उतरवलेल्या तव्यावरून येतो तसा. शिवांजलीनं डब्याला हात लावला आणि काढून घेतला. डब्याच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं होती आणि एका कडेच्या आत बोटभर पंखा. पंख्याला बाहेरची हवा मिळावी म्हणून ती छिद्रं, आणि अप्पांच्या कपाटाला बाहेर अशी जागाच नव्हती. वाळूला नाही म्हणून हवेलाही नाही.

सरांनी तिला वायरी परत बसवायला सांगितल्या. ह्या डब्याबद्दल फार प्रश्न होते ना तुला, असं म्हणून. ती बसवायला लागली आणि तिचा हात हळू झाला. प्रत्येक वायरीच्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी खिटी होती. ती दाबल्याशिवाय वायर बाहेर येत नव्हती, जोराची ओढ बसली तरच. भोकांच्या ओळी दोन, एकीवर एक, अगदी चिकटून. पण वरच्या ओळीच्या खिट्या वरच्या अंगाला होत्या आणि खालच्या ओळीच्या खालच्या अंगाला. म्हणजे भोकं कितीही चिकटली तरी खिटी दाबायला बोट शिरतंय. कुठंतरी, कुठल्यातरी देशात, कुणीतरी बसून बोटाचा विचार केला होता.

तिनं सरांना विचारलं, की ह्या वायरी अशा रोज काढायला लागतात का. रोज नाही, पण लागतातच, सर म्हणाले. कॉम्प्युटर हलवला, बाक सरकवला, नवीन यंत्र आलं, की हात इथंच येणार.

आणि शिवांजलीला कळलं. कळलं तेव्हा वाईट वाटलं.

पॅनलमधली वायर एकदा आवळली की वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही. हात येतो तो बटणाला, म्हणून बटण पुढं. ह्या डब्याला बटणच नव्हतं. इथं हात येणार वायरीलाच, आणि नजर जाणार दिव्यांवर. तर मग पुढचं तोंड हेच. कंपनीनं काही उलटं केलं नव्हतं. उलटं अप्पांनी केलं होतं, आणि तिचा प्रश्न ऐकून केलं होतं.

सरांनी खिशातून शार्दूलचा नंबर काढला. त्याला बोलावून दाखवतो, म्हणाले, नाहीतर शनिवारी त्याचे मालक हंबीरराव बघायला यायचेत, त्यांच्यासमोर हे असं नको. शिवांजली टेबलाच्या आडवी उभी राहिली.

“सर, फोन करू नका. मी सांगतो अप्पांना.” कोल्हापूरच्या पोरी मी जातो, मी सांगतो असंच म्हणतात, तशीच ती म्हणाली, पण आवाज वक्तृत्वातला नव्हता. “शनिवारपर्यंत थांबा, सर. कपाट गेलं तर काम जातंय अप्पांचं.”

सरांनी तिच्याकडं बघितलं, नंबर परत खिशात ठेवला, आणि शनिवार म्हणजे शनिवार, असं बजावलं.

शाळा सुटल्यावर ती उचगावच्या नाही, शिरोलीच्या बसमध्ये चढली. बस रिकामी होती तरी तिला बसवेना. दांडा धरून ती उभीच राहिली. तावडे हॉटेलाचा चौक गेला, हायवे लागला, आणि ती मनात वाक्यं जुळवत राहिली. वक्तृत्वाला आधी आदरणीय परीक्षक म्हणायचं असतं, मग विषय. अप्पांना आधी काय म्हणायचं?

शॉपात सगळीकडं ग्राइंडरचा आवाज होता. दाराशी पत्रा कापायचं मशीन उभं होतं, जुनं, हिरवं, ज्याचं नाव घरात निघत नसे. तिनं ते पहिल्यांदाच जवळून बघितलं. खाली पायानं दाबायची लांब पट्टी, वर पातं, आणि पत्रा धरायला हात ठेवायची जागा बरोबर पात्याच्या तोंडाशी. तिनं आपले हात मागं घेतले आणि ती तिथनं पुढं झाली.

अप्पा तिला बघून उठले. हिच्या अव्वाला ठाऊक हाय का, हे त्यांनी आकाराममामांनाच विचारलं, तिला नाही. तिनं जुळवलेलं सगळं विसरून, ग्राइंडरवर आवाज काढून सांगितलं, “अप्पा, कपाट चुकलंय,” आणि नेमका त्याच क्षणी मामांनी ग्राइंडर बंद केला. चुकलंय हा शब्द अख्ख्या शॉपात वाजला.

वेल्डिंगवाल्यानं डोळ्यांवरची काच वर केली. अप्पांनी हातातला फडका घडी केला, उलगडला, परत घडी केला.

“तूच म्हणालतीस, भोकं मागं पायजेत म्हणून,” ते म्हणाले.

“मी विचारलं हुतं अप्पा. सांगितलं न्हवतं.”

मग तिनं सगळं सांगितलं. सरांचा अडकलेला हात, भिंतीकडचे दिवे, गरम डबा, वरखाली खिट्या. सांगताना ती एका जागी उभी राहू शकत नव्हती. पत्र्यांच्या थप्पीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून थप्पीपर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. अप्पा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा पॅनलच्या दारासारखा बंद होता. तिचं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, की भोकं पुढं करून त्यांनी आधी बघितलं होतं, दार लागत नाही. वायरीचं टोक दारात चेंगरतंय. म्हणून फिरवला डबा.

“मग डबा मागं सरकवा की,” ती म्हणाली. “दार हाय तिथं ऱ्हाऊ दे. डबा चार बोटं आत.”

“आन वायरी खाली कुठनं जाणार?”

“कडंनं. दोन्ही कडंनं वाट सोडायची.”

अप्पांनी खिशातला खडू काढून तिच्यापुढं टाकला. “तोंडानं सगळं हुतंय. काढून दाव.”

तिनं जमिनीवरच्या मोठ्या पत्र्यावर गुडघे टेकले आणि काढायला लागली. शाळेचा पांढरा युनिफॉर्म काळा होत गेला. आधी हात काढला. नुसता हात, दारातून आत येणारा, कारण तिला तिथनंच सुरुवात सुचत होती. मग हाताच्या पुढं डबा, डब्याच्या पुढं चार बोटं मोकळी जागा, दिव्यांच्या समोर काच, आणि डब्याच्या दोन्ही छिद्रांसमोर कपाटाला भोकांची रांग. आकाराममामा वाकून बघत होते. हात कशाला काढलाय, असं त्यांनी विचारलं, आणि तो पुसू नकोस, असंही म्हणाले.

अप्पांनी भोकांच्या रांगेवर बूट ठेवला. आत धूळ जाणार, ते म्हणाले. तिनं तोऱ्यात सांगितलं, की शाळेत फौंड्री नाही.

“खडूची धूळ हाय की,” अप्पा म्हणाले.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फळ्याखालचा पांढरा थर, डस्टर झटकल्यावर उडणारा ढग, सगळं डोळ्यांपुढं आलं. तिनं भोकांच्या रांगेकडं परत बघितलं. तेव्हा अप्पा पहिल्यांदा तिच्याशेजारी उकिडवे बसले. खडू घेतला आणि भोकं पुसून तिथं तिरक्या पट्ट्या काढल्या, बाहेरच्या अंगाला खाली झुकलेल्या, पागोळीच्या पत्र्यासारख्या. आतनं बारीक जाळी. हवा खालून वर चढून आत जाईल, धूळ जडपणानं खालीच राहील. चार बोटं दवडतीयास, त्यांनी आणखी सांगितलं, तीन बास हाईत, वायर फार दुमडत नाही. तिनं स्वतःची तीन बोटं धरून बघितली. अप्पांनी स्वतःची धरली. मग दोघांच्या मापांच्या मधली जागा ठरली.

मध्ये टेबलावरचा फोन वाजला. अव्वाचा. पोरगी अजून घरी नाही म्हणून. अप्पांनी सांगितलं, माझ्यासंगं हाय, येताव. कुठं, ते सांगितलं नाही.

गुरुवारी पत्रा कापला, वाकवला. शुक्रवारी शाळा सुटल्यावर नवं कपाट भिंतीवर चढलं. शिवांजलीनं काचेतून बघितलं. हिरवे दिवे वर्गाकडं बघत होते. तिला त्या कपाटासमोरून हलवेना, पण अप्पा खाली स्कूटरचा हॉर्न देत राहिले.

शनिवारी सकाळच्या शाळेत हंबीरराव आले. आडव्या बांध्याचा माणूस. खुर्ची दिली तर बसला नाही. शार्दूल त्यांच्या मागं, अप्पा आणि आकाराममामा भिंतीशी. दाराबाहेर शिवांजली, आणि तिच्या दोन खांद्यांवर नंदिनी आणि भैरवीच्या हनुवट्या. हंबीररावांनी कपाट वाजवून बघितलं, दार उघडलं, सरळ हात घालून, खिटी दाबून एक वायर काढली. एक दिवा विझला. वायर परत खुपसली, दिवा लागला. दार लावून घेतलं आणि काचेला नाक लावून दिवे मोजल्यासारखे बघितले. मग कडेच्या तिरक्या पट्ट्यांवर तळहात धरला आणि तसाच थोडा वेळ थांबले. शार्दूलनं हळूच मागं वळून शिवांजलीकडं बघितलं. भोकं पुढं का, हे विचारणारी पोरगी त्याला आठवत असावी.

“पावणं,” हंबीरराव अप्पांना म्हणाले, “मी लई कपाटं बघितली. सगळ्यांच्या वायरी दारात चेंगरत्यात. ही जागा सोडायचं डोकं कुणाचं?”

भैरवीची हनुवटी शिवांजलीच्या खांद्यात रुतली.

“आमचा आकाराम,” अप्पा म्हणाले. “जुना मानूस हाय.”

आकाराममामांनी खाली बघितलं आणि बुटाचं टोक फरशीवर घासलं. हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या शाखांना असलीच करा, म्हणाले, आणि मुख्याध्यापकांकडं चहाला गेले.

नंदिनी तिच्याकडं बघत होती. जिचा हात जुलैपासून खाली यायला तयार नव्हता, तिचा हात दाराच्या चौकटीला चिकटून राहिला. तिला तो उचलताच आला नाही.

दुपारी अप्पा तिला स्कूटरवरून घेऊन निघाले. ते खुशीत होते. एरवी न बोलणारा माणूस, पण उचगाव येईपर्यंत पत्रा कुठनं घ्यायचा, रंग कुठला द्यायचा, आणखी एक वेल्डर लागेल, असं सगळं मागं मान वळवून सांगत होते. ती हूं करत नव्हती, आणि वाऱ्यात ते त्यांना कळलं नाही. तिला स्कूटरवरून उतरून धावत सुटावंसं वाटत होतं, कुठं ते माहीत नव्हतं.

घरी अव्वानं बातमी ऐकली आणि देवापुढं साखर ठेवली. तिघांची ताटं मांडली. शिवांजली ताटावर बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

“बस की गं,” अव्वा म्हणाली. “अंगात काय शिरलंय तुझ्या?”

“अप्पा, मामांचं नाव का घेतलासा?”

अप्पांचा घास हातातच राहिला. अव्वानं एकाकडून दुसऱ्याकडं बघितलं. कसलं नाव, कुठलं नाव, असं ती विचारायला लागली, आणि मग ते सगळं बाहेर आलं. बुधवारचं शॉप, खडू, पत्र्यावर टेकलेले गुडघे. साबण लावूनही युनिफॉर्मचा डाग का जात नव्हता तेही. अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली, ते अप्पांसाठी होतं. अप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“दहावीच्या पोरीनं काढलंय म्हटलं असतं तर हसून उठला असता त्यो,” ते शेवटी म्हणाले. “काम गेलं असतं, शिवे. आपल्या घरचं हाय, कुनाचं बी नाव असूं दे.”

“हसला असता तर हसू दे की. त्या दिवशी वर्ग हसलाच की माझ्यावर. हसून झाल्यावर परत दार उघडून बघितलं असतं त्यांनी. दार तर बरोबरच लागत हुतं.”

अव्वानं अप्पांचा डावा हात मनगटाला धरून उचलला आणि चार बोटांचा तो पंजा शिवांजलीपुढं धरला. हे बघ, एवढंच म्हणाली. ह्या घरात ह्याच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

शिवांजलीनं तो हात बघितला. लहानपणापासून बघत आली होती, पण आज तो त्या हिरव्या मशीनपाशी कुठनं आला होता आणि कुठं गेला होता, ते तिला दिसलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर होणं थांबलं. ती आत आली आणि दोघांच्या समोर मांडी घालून बसली.

“अव्वा, ते मशीन मी बुधवारी बघितलं. पायानं दाबायचं खाली, आन पत्रा धरलेला हात बरोब्बर पात्याच्या तोंडात. ज्यानं केलं, त्यानं हात कुठनं येणार हे विचारलंच न्हाय. अप्पांचं काय चुकलं न्हवतं. तू मला तिथनं लांब ठेवलंस, पण मशीन तर तसंच हाय, आकाराममामा रोज त्याच्यापुढं बसत्यात. कुणीतरी विचारायला पायजे का नको?” तिनं श्वास घेतला. “दहावी झाली की मी डिप्लोमाला जाणार. मेकॅनिकलला. अकरावीचा फॉर्म आणू नकासा. आन अप्पा, पतसंस्थेच्या कपाटाचं ड्रॉइंग मी उद्या कागदावर काढतो, पट्ट्या तुमच्या आन जागा माझी. खाली कोपऱ्यात दोघांची नावं असणार. हंबीररावांना हसायचं असलं तर कागद वाचून हसू देत.”